मावशीला ओवी घरोट्यापाशीच का आठवते?

नमस्कार मंडळी! हा समोर दिसतोय ना, तो माझ्या यावलच्या आजीचा घरोटा. पुण्याकडे याला जातं म्हणतात. खुंटा बघा, हात धरायच्या जागी कसा गुळगुळीत झालाय. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ यावर निघायचं. आता वर तुळशीची कुंडी असते, शूटिंगपुरती उतरवलीय.

आज बोलायचंय हेमा राईरकरांबद्दल. नाव ऐकलं नसेल तर लाजू नका, मीही उशिराच ऐकलं. त्या आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गोरगरिबांसोबत काम करत होते. तिथून दोघं ओवीपाशी पोचले. 1980 च्या दशकापासून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत गेले. किती? 1 लाखाच्या वर! हजाराहून जास्त गावांतून.

आता म्हणाल, यात इतिहास कुठला? अहो, जुन्या दप्तरात बाई शोधून पाहा. सातबारावर नाव नाही, सही नाही. पण पहाटे दळताना ती सासुरवास सांगते, माहेरी न्यायला न आलेल्या भावाला बोल लावते, सीतेला वनात धाडलं म्हणून थेट रामाला जाब विचारते. मला तर त्या लाखाच्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते: ओवीसोबत म्हणणारीचं नाव आणि गाव टिपलंय. ‘एक अज्ञात स्त्री’ म्हणून वाटेला लावलेलं नाही.

आपल्याकडे हे एका घरात घडलं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. ‘अरे घरोटा घरोटा’ त्यांचंच. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी गाणी वहीत उतरवली. बहिणाबाई 1951 साली गेल्या, पुस्तक आलं 1952 साली. घरात कवी मुलगा होता म्हणून वही झाली. शेजारच्या ओट्यावर कोण होतं लिहायला?

म्हणून मी मोबाइल घेऊन मावशीपुढे बसले. म्हटलं, म्हण एखादी. दोन ओळींवर अडकली. “अशी कशी म्हनू? घरोटा फिरला म्हंजे येते.” मग मूठभर ज्वारी टाकली, खुंट्याला एक हात तिचा, एक माझा. एकामागून एक अकरा निघाल्या!

पुढच्या भागात त्या ऐकवते. आवाजात घरघर येईल, ती मी काढलेली नाही.