कपाटाची चावी

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट उभे असते. आत गोष्टींची पुस्तके असतात, साठा नोंदवहीत त्यांची काटेकोर नोंद असते आणि कपाटाला कुलूप असते. यात शिक्षकांचा कंजूषपणा नाही. पुस्तक फाटले किंवा हरवले, तर तपासणीच्या वेळी उत्तर त्यांनाच द्यावे लागते. त्यामुळे ज्याला कोणाचा हात लागलेला नाही, तेच पुस्तक सर्वांत सुरक्षित ठरते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, हा 2015 पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडते, पुस्तके मांडली जातात, छायाचित्रे निघतात. (दिवसही असा, की सत्र परीक्षा बहुधा तोंडावर आलेली असते.) पुढे कुलूप पुन्हा लागते.

कुलपाहून मोठा अडसर मात्र वेगळाच आहे. पुस्तक वाचून झाले, की 'यातून कोणता बोध घेतलास?' असे विचारले जाते, नाहीतर दहा ओळींचा सारांश लिहून आणायला सांगितला जातो, आणि गोष्टीत रमलेल्या मुलाच्या लक्षात येते, की हाही एक धडाच होता. मोठी माणसे कादंबरी संपवून स्वाध्याय सोडवीत बसत नाहीत. कंटाळा आला तर ती पुस्तक अर्ध्यावर मिटतात. तेवढी मोकळीक मुलांना देण्यास हरकत कसली?

वाचायला काय द्यावे, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ज्या बालभारतीची पाठ्यपुस्तके दप्तरात असतात, तीच 1971 पासून 'किशोर' मासिक काढते, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

काही शिक्षकांनी भिंतीलगत, मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर सुतळी बांधून, मुखपृष्ठ दिसेल अशी पुस्तके टांगली आहेत. परिपाठानंतरची पंधरा मिनिटे तेथे कोणी कोणाला काही विचारत नाही. शिक्षकही स्वतःचे पुस्तक उघडून बसतात. ज्याला अजून जोडाक्षरे जमत नाहीत, तो चित्रे पाहतो किंवा शेजारच्याकडून वाचून घेतो. काही महिन्यांतच पुस्तकांचे कोपरे दुमडतात, पाठीला चिकटपट्टी लागते. नोंदवहीतील शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्यापुढे 'वाचून जीर्ण' असे लिहिता यावे आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याखाली बिनतक्रार सही करावी, एवढीच या शिक्षकांची अपेक्षा असू शकते.