होलोवे रोडवरचा जिना

(पडद्यावर : होलोवे रोड, उत्तर लंडन)

खाली चामड्याच्या वस्तूंचं दुकान. वरच्या मजल्यांवर भाडेकरू, रेकॉर्ड निर्माता जो मीक. घर तेच आणि स्टुडिओही तोच. गायक बाथरूममध्ये, व्हायोलिनवाले जिन्यात, मीक स्वतः वायरींच्या गुंत्यात. गोंगाट असह्य झाला की घरमालकीणबाई वायोलेट शेंटन खालून छताला झाडूचा दांडा ठोकायच्या. मीक स्पीकर जिन्यात आणून आवाज आणखी वाढवायचा!

जन्म १९२९चा, ग्लॉस्टरशरमधल्या न्यूएंट गावातला. हवाई दलात रडारचं काम, मग वीज मंडळात नोकरी, मग लंडनच्या स्टुडिओत इंजिनिअर. रेकॉर्डिंग जितकं स्वच्छ तितकं चांगलं, हा तेव्हाचा शिरस्ता. यानं १९५६ साली जॅझ ट्रंपेटवादक हम्फ्री लिटलटन यांच्या 'बॅड पेनी ब्लूज'मधला पियानोचा खर्ज मुद्दाम फुगवला. आधी ऐकलं असतं तर आपण हे जाऊच दिलं नसतं, असं लिटलटन नंतर म्हणाले. रेकॉर्ड टॉप ट्वेंटीत गेली.

मीकला ना स्वरलिपी वाचता यायची, ना धड वाद्य वाजवता यायचं. चाल गुणगुणायचा, तीही बेसूर. त्यातून काय ते वादकांनी समजून घ्यायचं. पुढे 'डीप पर्पल' या रॉक बँडमुळे जगभर गाजलेला रिची ब्लॅकमोर याच घरात गिटार वाजवत होता.

(संगीत : क्लॅव्हिओलिन, विजेवर चालणारं कीबोर्ड वाद्य)

जुलै १९६२. टेलस्टार उपग्रह आकाशात गेला आणि मीकला धून सुचली. 'टॉर्नेडोज'नी वाजवलेली 'टेलस्टार' ब्रिटनमध्ये पहिली आली, अमेरिकेतही. अमेरिकेच्या 'हॉट हंड्रेड' या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अव्वल ठरलेला हा पहिला ब्रिटिश बँड, बीटल्सच्या आधी!

पण माझं मत विचाराल तर खरा मीक 'हनीकोम्ब्स' बँडच्या १९६४च्या 'हॅव आय द राइट' या गाण्यात सापडतो. ड्रमचा ठोका त्याला पुरेना. त्यानं बँडला लाकडी जिन्यावर उभं केलं, कठड्याला सायकलच्या क्लिपांनी माइक अडकवले आणि सांगितलं, पाय आपटा. पुन्हा नंबर एक.

दुसरी बाजू काळी होती. एका फ्रेंच संगीतकारानं 'टेलस्टार'वर चोरीचा दावा लावला आणि रॉयल्टी अडकून पडली. समलैंगिकता तेव्हा गुन्हा होती. १९६३ मध्ये त्याला अटक झाली, पेपरात नाव आलं. रेकॉर्ड कंपन्या आपलं बोलणं चोरून ऐकतात, हा संशय बळावत गेला. प्लँचेटचा नाद आधीपासूनच होता.

३ फेब्रुवारी १९६७. त्याचा लाडका अमेरिकन रॉक गायक बडी हॉली ८ वर्षांपूर्वी याच तारखेला गेला होता. त्या दिवशी मीकनं शेंटनबाईंवर गोळी झाडली, मग स्वतःवर. एका निरपराध बाईचा जीव गेला. हे 'विक्षिप्तपणा' म्हणून खपवता येणार नाही.

'टेलस्टार'चा निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण तो गेल्यानंतर. घरातल्या टेप चहाच्या ६७ खोक्यांत भरल्या गेल्या. २०२० मध्ये चेरी रेड रेकॉर्ड्सनं त्या विकत घेतल्या. आता त्यांतून नवे अल्बम निघताहेत.