साकवापर्यंतची शाळा

(खानापूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सीमाभागातल्या मुलींचं शिक्षण’. त्यावर येतोच. पण आधी आमच्या अक्काचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय मला पुढे बोलताच येत नाही.

आमचं गाव जांबोटीच्या पलीकडं, रानात. इथला पाऊस तुम्हाला काय सांगायचा! आत्ताही निम्म्या लोकांच्या घरी चुलीवर कपडे वाळत असतील. हसताय, म्हणजे खरं आहे. गावची शाळा सातवीपर्यंत. सातवीच्या मुलकी परीक्षेत अक्का शाळेत पहिली आली. गुरुजी स्वतः घरी आले, बाबांना म्हणाले, “हिला आठवीला घाला.” हायस्कूल सात किलोमीटरवर. वाटेत ओढा, ओढ्यावर साकव. दोन ओंडके आणि वर आडव्या काठ्या, तेवढाच. बाबा म्हणाले, “रानातनं पोरगी एकटी कशी जाईल, गुरुजी?” बाबा दुष्ट नव्हते. त्यांना काळजी होती.

तीन वर्षांनी मी सातवी झालो. तीच वाट, तोच ओढा. मी एकटा कसा जाईन, हे कुणी विचारलं नाही, कारण मला सोबत होती. अक्काची. पहाटे उठून ती भाकऱ्या थापायची, फडक्यात बांधायची आणि मला घेऊन निघायची. पावसात माझं दप्तर डोक्यावर धरून आधी ती साकव ओलांडायची, मग परत येऊन माझा हात धरायची. मला पलीकडं सोडलं की माघारी. म्हणजे बघा, जी पोरगी रानातनं एकटी जाऊ शकत नव्हती, ती रोज रानातनं एकटी परत येत होती. हे माझ्या ध्यानात यायला मास्तरकीची दहा वर्षं जावी लागली. रात्री ती माझी बीजगणिताची वही उघडून बसायची. सोडवलेली गणितं बघून न सोडवलेली सोडवायची. दहावीला मला गणितात चांगले गुण पडले, आणि गावजेवण आमच्या घरी झालं. स्वयंपाक अक्कानं केला.

अध्यक्ष घड्याळ बघतायत, आता भराभर सांगतो.

२०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता ८२ टक्के, बायकांची ६५ च्या आत. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. आणि आपल्याकडच्या कितीतरी गावशाळा अजून सातवीलाच संपतात. हक्क आठवीपर्यंत, शाळा सातवीपर्यंत. पोरगी गळते ती या एका इयत्तेत.

दुसरं. १९५६ ला राज्यं भाषेवर पाडली आणि आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून आपण दुकानांवरच्या, रस्त्यांवरच्या पाटीच्या भाषेवर बोलतोय. बोललंच पाहिजे, मीही मोर्चात चाललोय. पण मी शिकवलं त्या शाळांत काय बघितलं? भाऊ इंग्रजी माध्यमाच्या गाडीत, बहीण गावच्या मराठी शाळेत, कारण तिच्यावर खर्च कशाला. आपली मराठी शाळा या पोरींनी धरून ठेवलीय. त्याच पोरींना आपण सातवीनंतर घरी बसवतो, आणि पटसंख्या का घटली म्हणून सभा घेतो. मला याचा फार त्रास होतो.

तिसरं, गाडी. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही. ‘शक्ती’ योजना चांगलीच आहे. पण फुकट तिकीट चालायला गाडी यावी लागते. शाळा साडेचारला सुटणार आणि गावाकडची शेवटची गाडी चारला निघणार असेल, तर बाबांचा प्रश्न आजही तसाच उभा राहतो. शाळेतलं पाणी, संडास, पाळीच्या दिवसांत बुडणारी शाळा, यावर बोलायचं होतं. वेळ संपला.

दाराजवळच्या टेबलावर वही ठेवलीय. ज्यांच्या गावची गाडी शाळा सुटायच्या आधी निघते, त्यांनी गावाचं नाव, गाडीची वेळ आणि आठवी ते दहावीच्या मुली किती, एवढं लिहून जा. सोमवारी आम्ही डेपोत जाणार आहोत. अक्का पण येणार आहे.