जुना ईसीजी कुठे आहे?

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

कार्यक्रमपत्रिकेवर ‘ईसीजी कसा वाचावा’ असा विषय छापला आहे आणि तो मी मांडणारच आहे. परंतु त्याआधी दवाखान्यात बसून वर्षानुवर्षे मनात साठलेली एक तक्रार दादरच्या या सभागृहात ऐकवल्यावाचून मला राहवणार नाही. मुंबईकर माणूस विजेची बिले, सोसायटीच्या पावत्या आणि मुलांची बालवाडीची प्रगतिपुस्तके जपून ठेवतो, पण स्वतःचा जुना ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख, त्याच्याकडे मागितला की घरातली सगळी कपाटे उघडूनही तो सापडत नाही. आणि ज्याच्याकडे सापडतो, त्याने बहुधा त्याचे लॅमिनेशन करून घेतलेले असते.

आपण हसलात, म्हणजे काहींच्या घरी तो आहे. ईसीजीचा कागद हा उष्णतेने उमटणारा कागद असतो. त्यावर शाई नसते. यंत्राची तापलेली लेखणी कागदावरील रासायनिक थराला जिथे स्पर्श करते, तिथे काळी रेघ उमटते. असा कागद लॅमिनेशनच्या तापलेल्या रुळांमधून गेला की रेघांबरोबर उरलेली जागाही काळी होते. लॅमिनेशन टाळून जे प्लॅस्टिकच्या फाइलीत ठेवतात, त्यांची गत याच्या उलट होते: प्लॅस्टिकमधील द्रव्ये आणि आपल्याकडची दमट हवा यांमुळे रेघा फिकट होत जातात, आणि काही वर्षांनी डॉक्टरांच्या हाती नुसता गुलाबी चौकटींचा कागद येतो.

एका गृहस्थांची हकीकत सांगतो. रात्री जेवणानंतर छातीत जळजळ सुरू झाली म्हणून मुलगा त्यांना घेऊन आला. ईसीजीत प्रत्येक लीड हृदयाकडे वेगळ्या बाजूने पाहते; त्यांतल्या छातीवरच्या डाव्या बाजूच्या लीडमध्ये, म्हणजे व्ही-४ ते व्ही-६ मध्ये, टी लहरी, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणाऱ्या लहरी, उलट्या दिसत होत्या. रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड झालेल्या माणसात त्या वर्षानुवर्षे तशाच असू शकतात, आणि हृदयाचा रक्तपुरवठा आत्ताच कमी पडत असेल तरीही तशाच दिसू शकतात. मी जुना ईसीजी मागितला. मुलगा रिक्षाने घरी जाऊन आला आणि त्याने मोठ्या अभिमानाने एक चकचकीत, टणक, चारही कडा बंद केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. कागद कोळशासारखा काळा होता. कोपऱ्यात पेनने लिहिलेले नाव तेवढे तिरके धरल्यावर वाचता येत होते. गृहस्थांना रात्रभर अतिदक्षता विभागात ठेवले, काही तासांच्या अंतराने ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे सांगणारी रक्ताची, चाचणी दोनदा केली आणि दोन्ही वेळा ती सामान्य आली. सकाळी त्यांच्या पुण्याच्या भगिनींनी मोबाइलमधला एक जुना फोटो पाठवला. त्यात हुबेहूब त्याच उलट्या लहरी होत्या. तो फोटो रात्री मिळाला असता तरी ट्रोपोनिन मी केलेच असते, हेही सांगतो. जुन्याशी जुळणारा ईसीजी धोका नाही असे सिद्ध करत नाही. परंतु त्या कुटुंबाची रात्र निराळी गेली असती.

म्हणून ईसीजी काढल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढावी आणि मोबाइलने सरळ वरून असा फोटो घ्यावा की त्यात चौकटी, नाव आणि तारीख स्पष्ट दिसेल. आणि तो फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी असू द्यावा, कारण छातीत दुखत असताना माणसाला स्वतःच्या मोबाइलचे कुलूप उघडण्याचे सुचत नाही.

आज ही तक्रार करता येते, हेही भाग्यच. विल्यम आइन्थोव्हेन यांनी नेदरलँड्समधील लायडन येथे विसाव्या शतकाच्या आरंभी ईसीजीचे जे यंत्र उभारले, त्याचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. आलेखातील लहरींना दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे त्यांचीच. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याविषयी पुष्कळ सांगण्यासारखे आहे, परंतु संयोजकांनी आता घड्याळ दाखवले आहे.

तेव्हा वाचन. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. लहान चौकट ०.०४ सेकंदाची, मोठी ०.२० सेकंदाची. लागोपाठच्या दोन आर शिखरांमधील, म्हणजे ठोक्यांच्या उंच टोकांमधील, मोठ्या चौकटी मोजाव्यात आणि ३०० ला त्या संख्येने भागावे: चार चौकटी असतील तर नाडी ७५. ठोके अनियमित असतील तर मात्र दहा सेकंदांच्या पट्टीतील शिखरे मोजून सहाने गुणावे. प्रत्येक क्यूआरएसच्या, म्हणजे ठोक्याच्या मधल्या टोकदार भागाच्या, आधी पी ही लहान लहर आहे का, ते पाहावे. पी नाहीच आणि ठोक्यांत कोणताही क्रम नाही, तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याची, शंका घ्यावी. पीआर अंतर, म्हणजे पी लहरीच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंतचे, तीन ते पाच लहान चौकटींचे असावे, क्यूआरएस तीन लहान चौकटींपेक्षा अरुंद असावा. शेवटी एसटी भाग, म्हणजे क्यूआरएस आणि टी यांच्यामधली रेघ: ती शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये वर उचललेली असेल तर ती तातडीची बाब. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ हृदयाची खालची भिंत दाखवतात, व्ही-१ ते व्ही-४ समोरची. यंत्र वरच्या कोपऱ्यात जो निष्कर्ष छापते, तो डॉक्टरांनी पाहीपर्यंत कच्चाच समजावा.

बाकीच्या चाचण्या धावतच घेतो. ईसीजी हा साधारण दहा सेकंदांचा विद्युत आलेख आहे. धडधड अधूनमधून होत असेल तर चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी. झडपा आणि हृदयाचा जोर पाहायचा असेल तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. चालताना छाती भरून येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने स्ट्रेस टेस्ट, म्हणजे चालताना काढलेला ईसीजी. आणि रक्तवाहिनीतला अडथळा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर अँजिओग्राफी. आरामात बसलेले असताना छातीत दुखू लागले, घाम फुटला, तर यांतली कोणतीही चाचणी स्वतः ठरवून करायला जाऊ नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. आणि अशा वेळी काढलेला पहिला ईसीजी सामान्य आला म्हणून कुणी घरी जायला निघाले, तर त्यांना थांबवावे, कारण हृदयविकाराच्या झटक्यातही तो सुरुवातीला सामान्य दिसू शकतो आणि म्हणूनच तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात.