हंड्याचा सूर

(दृश्य: नाशिकचा भांडी बाजार. तांब्याच्या हंड्यावर बोटाचं पेर वाजतं.)

टण्ण! खणखणीत. बद्द वाजला असता तर मावशींनी हंडा परत ठेवला असता. लेकीच्या लग्नात द्यायचाय, म्हणून त्या डोळ्यांइतकाच कानावर भरवसा ठेवतात.

प्रत्येक भांड्याला आपला सूर असतो. अमेरिकेत सिएटलला, वॉशिंग्टन विद्यापीठात, तांब्याचा मुलामा दिलेलं मीटरभर उंचीचं एक भांडं आहे. त्याचा सूर मायक्रोवेव्ह लहरींचा. त्यावर अ‍ॅक्सिऑन नावाच्या कणानं टिचकी मारावी म्हणून शास्त्रज्ञ कान लावून बसलेत. प्रयोगाचं नाव एडीएमएक्स.

हा कण अजून सापडलेला नाही. 1977 मध्ये पेच्चेई आणि क्विन या भौतिकशास्त्रज्ञांनी अणुकेंद्रातल्या बलाच्या एका कोड्याचं उत्तर सुचवलं, त्या उत्तरातून तो पुढे आला. विश्वातलं कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य, त्याचंच असेल, तर या घडीलाही तो या हंड्यांच्या आरपार जातोय.

पकडायचा कसा? 1983 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पिएर सिकिवी यांनी युक्ती सुचवली. जोरदार चुंबकीय क्षेत्रात अ‍ॅक्सिऑनचा मायक्रोवेव्ह फोटॉन, म्हणजे त्या लहरींचा एक कण, होऊ शकतो. भांड्याचा सूर त्याच्याशी जुळला, तर तो आत घुमतो. पण फोटॉनचा सूर अ‍ॅक्सिऑनच्या वस्तुमानावर ठरतो, आणि ते वस्तुमानच माहीत नाही, मग सूर कुठला लावायचा? जलतरंगवाला वाटीत थोडं थोडं पाणी घालतो, तसे इथे भांड्यातले तांब्याचे दांडे किंचित किंचित सरकवतात. प्रत्येक जागी थांबतात, ऐकतात, पुढे जातात. 2018 मध्ये जाहीर झालेला शोध होता फक्त 645 ते 680 मेगाहर्ट्झचा. या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

अपेक्षित संकेत किती? एका वॅटचे एकावर तेवीस शून्यं इतके भाग करा, त्यातले जेमतेम एक-दोन. कोमट तांबंसुद्धा स्वतःच खरखर करतं, त्यात हे बुडून जाईल. म्हणून सगळं निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचांकी तापमानाच्या, अंशभर जवळ थंड ठेवतात.

आणि कान जागे आहेत ना, हे तपासायला मोजकी माणसं गुपचूप खोटा संकेत आत सोडतात. बाकीच्यांना तो ओळखावा लागतो.

(दृश्य: हंड्याशेजारी चार कळशा.)

सूर चढवायचा तर भांडं लहान हवं. पण लहान भांड्यात संकेतही कमी. त्यावर तोड म्हणजे चार छोटी भांडी एकत्र जोडायची. अट एकच, चारही अगदी एका सुरात लागली पाहिजेत.

(दृश्य: मावशी एकेक कळशी वाजवून बघतात.)