जागच्या जागी

(पुस्तकांच्या ओळीवरून एक हात फिरतो. आत ढकललं गेलेलं एक पुस्तक फळीच्या कडेपर्यंत ओढून घेतो.)

या बाईंना निवृत्त होऊन बराच काळ झाला. तरी कुणाच्याही घरी जावं आणि पुस्तकाचं कपाट दिसावं, की हात आपोआप तिकडे वळतो. आत गेलेलं पुस्तक कडेला येतं, उलटं खोचलेलं सुलटं होतं. यजमानांना वाटतं, पाहुण्या पुस्तकं चाळताहेत.

आज अशाच काही निवृत्त ग्रंथपालांचा सन्मान आहे. प्रत्येकाच्या मानपत्रावर सेवेची वर्षं छापली आहेत. भाषणं होतील, फोटो निघतील. पंचाईत एवढीच, की या मंडळींच्या कामाचा फोटो निघत नाही. पुस्तक मागितलं आणि ते मिळालं, यात कॅमेऱ्यानं टिपायचं काय?

(पुस्तकांच्या कण्यांवरचे क्रमांक, अगदी जवळून.)

हे आकडे बघा. अमेरिकन ग्रंथपाल मेलविल ड्यूई यांनी १८७६ साली आपली दशांश वर्गीकरण पद्धत छापली आणि ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. पाचशेत विज्ञान, आठशेत साहित्य. मराठी साहित्याचा पत्ता ८९१.४६. हे झालं पाठांतर. खरी गंमत टिंबाच्या पुढे आहे. ५१२.१५ आणि ५१२.९ यांत आधी कोणतं? नवखा माणूस ९ आधी लावतो, कारण १५ मोठे. पण हे दशांश आहेत, म्हणून १५ आधी. एवढ्याशा चुकीनं पुस्तक चार हात पुढे जातं आणि नोंदीत ‘उपलब्ध’ असूनही कुणाला सापडत नाही. वाचकाच्या लेखी ते हरवलेलंच. म्हणून कुणीतरी फळीसमोर उभं राहून एकेक क्रमांक वाचत सरकत जातं. आज वाचून झालेली फळी पुन्हा विस्कटणार, हे ठाऊक असतानाही.

(लाकडी खण बाहेर येतो. कार्डांच्या खालच्या भोकांतून गेलेली पितळी सळई.)

आता निवृत्त झालेल्या पिढीतल्या अनेकांनी नोकरी या खणांपासून सुरू केली. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं कार्ड. खाली भोक आणि त्यातून सळई, म्हणजे घाईत कुणी कार्ड उपसून नेऊ नये. एकाच पुस्तकाची कार्डं तीन-चार: लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाचं. अक्षर असं हवं, की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं लिहिलेलं वाटावं. स्वतःचं वळण पुसून टाकणं हासुद्धा प्रशिक्षणाचा भाग होता. त्याच लोकांनी पुढे ही कार्डं एकेक करून संगणकात भरली. म्हणजे आपलंच आयुष्यभराचं काम आपल्याच हातानं बाद केलं. ओसीएलसी ही संस्था १९७१ पासून जगभरच्या ग्रंथालयांना छापील कार्डं पुरवत होती. तिनं शेवटची कार्डं ऑक्टोबर २०१५ मध्ये छापली, तोवर एकूण आकडा सुमारे १९० कोटींवर गेला होता.

कार्ड गेलं. समोर येणारा वाचक मात्र तोच राहिला.

तो येतो आणि म्हणतो, “वनस्पतिशास्त्राचं एखादं पुस्तक द्या.” कच्चा माणूस त्याला कपाट दाखवतो. मुरलेला ग्रंथपाल सहज विचारतो, “काही खास बघायचंय का?” मग हळूहळू कळतं, की कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडताहेत, आणि ते झाड आईनं लावलेलं आहे. पुस्तक लागतं, पण वेगळं. असे एक-दोन प्रश्न चौकशीसारखे वाटू न देता विचारणं, मला तरी वर्गीकरणापेक्षा अवघड वाटतं.

आणि मग गप्प बसायचं. कोण कोणत्या आजारावरचं पुस्तक नेतं, कोण घटस्फोटाच्या कायद्यावरचं, हे देवघेवीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कळतंच. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं १९३९ च्या आपल्या आचारसंहितेत ही गुप्तता लेखी घातली. पण बऱ्याच ग्रंथपालांनी ती कुणी न शिकवताच पाळली. पुस्तकावर शिक्का मारायचा आणि वर बघायचं नाही.

(मानपत्र. सेवेच्या वर्षांचा आकडा.)

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि सुरुवातीला त्या शांततेला इतके कंटाळले, की परत शिकवायला जाऊ द्या म्हणाले. पुढे १९३१ मध्ये याच माणसानं ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपानं मांडले. चौथा नियम: वाचकाचा वेळ वाचवा. या नियमानं बघितलं तर मानपत्रावरचा हिशोब उलटा आहे. त्यांची वर्षं मोजली आहेत. त्यांच्यामुळे वाचलेली आमची मिनिटं, तास, एखाद्याच्या प्रबंधाचे महिने कुठेच मांडलेले नाहीत.

मोजणी होते ती दुसऱ्याच गोष्टीची. कार्यभार सोपवताना दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, उघडते, पुस्तकं मोजली जातात आणि कमी भरलेल्यांचा जाब विचारला जातो. कुलूप लावून ठेवलेल्या कपाटातलं एकही पुस्तक कमी भरत नाही. ज्यानं कपाटं उघडी ठेवली, पुस्तकं फिरू दिली, त्याच्याकडे काही हरवलेली निघतात आणि खूपशी फाटलेली. रंगनाथन यांचा पहिलाच नियम सांगतो, की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये साखळीनं बांधलेली पुस्तकं आजही बघायला मिळतात. साखळदंडात ती अगदी सुरक्षित राहिली. माझं मत विचाराल, तर मानपत्र द्यायला निघालेल्यांनी आधी शिवण उसवलेली, पुन्हा बांधलेली, शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारायला जागा न उरलेली पुस्तकं बघावीत.

(वाचनकक्ष. सन्मानानंतरची एक दुपार.)

सुरुवातीला पाहिलेल्या त्याच बाई. आज त्या वाचक म्हणून आल्या आहेत. वाचून झाल्यावर उठतात, पुस्तक घेऊन फळीकडे जातात. कण्यावरचा क्रमांक न बघताच हात योग्य जागी पोचतो.

मागून एक तरुण सहायक येतो. “मॅडम, पुस्तकं परत फळीत नका ठेवू. टेबलावरच राहू द्या. चुकीच्या जागी गेलं तर सापडत नाही.”

हे वाक्य त्यांनी स्वतः किती वाचकांना ऐकवलं असेल! त्या पुस्तक पुन्हा बाहेर काढतात.

“बरोबर आहे तुमचं,” म्हणतात, आणि टेबलावर नेऊन ठेवतात. कणा त्याच्याकडे करून, म्हणजे त्याला क्रमांक वाचता येईल.