सोडियमचा उरलेला तुकडा

(दृश्य : रुंद तोंडाची काचेची बाटली. रॉकेलच्या तळाशी मळकट ढेपा.)

वडोदऱ्यातली एक कॉलेज प्रयोगशाळा. बाटलीच्या तळाशी दिसतोय तो सोडियम. पाण्यापेक्षा हलका, पण रॉकेलपेक्षा जड, म्हणून रॉकेलमध्ये बुडून राहतो. हवा आणि ओलावा त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

(दृश्य : सुरी, कोरडा फिल्टर पेपर, चिमटा.)

मेणबत्ती कापावी तसा हा धातू कापला जातो. कापलेली बाजू चांदीसारखी लखलखते आणि आपण नीट बघेपर्यंत तिच्यावर साय धरते. हवेतल्या ऑक्सिजनची आणि ओलाव्याची ती करामत. 1807 साली हंफ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून हा धातू पहिल्यांदा वेगळा केला.

पाण्यात पडला की हायड्रोजन सुटतो आणि मागे कॉस्टिक सोडा उरतो. उष्णता एवढी, की 98 अंशांना वितळणाऱ्या या धातूची गोळी होते आणि ती पाण्यावर सैरावैरा धावते. हायड्रोजन पेटला की पिवळी ज्वाळा. तुकडा मोठा असेल तर स्फोट. 2015 साली प्रागच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने त्याचं कारण टिपलं. सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रणाचा थेंब पाण्याला लागताच इलेक्ट्रॉन पाण्यात निघून जातात, मागे उरलेले धनभारित आयन एकमेकांना ढकलतात आणि मिलिसेकंदाच्या आत थेंबाला काटे फुटतात. धातू आतूनच फाटतो.

हे दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला मात्र काळजी वाटते ती उरलेल्या कणांची.

(दृश्य : बर्नरवर लालभडक झालेली इग्निशन ट्यूब.)

बीएस्सीच्या मुलांना सोडियम भेटतो तो लॅसेन टेस्टमध्ये, म्हणजे सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, गंधक किंवा क्लोरीनसारखी मूलद्रव्यं आहेत का ते ओळखायच्या चाचणीत. तो वितळवून सेंद्रिय पदार्थाबरोबर तापवायचा आणि लाल झालेली ट्यूब चायना डिशमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायची. ट्यूब तडकते. आत सोडियम शिल्लक असेल तर तिथेच भडका. म्हणून डिशवर लगेच जाळी ठेवायची, डोळ्यांवर गॉगल आणि तोंड लांब. मसुराएवढा तुकडा पुरतो, जास्त घेऊ नका.

याच शहरात शिकत असताना मी तुकडा टिपलेला फिल्टर पेपर बेसिनमध्ये टाकला. बेसिन ओलं होतं. आधी चटचट आवाज, मग कागदच पेटला. मैत्रीण पाण्याचा बीकर घेऊन धावली. प्रयोगशाळेतले काका ओरडले, ‘‘पाणी नको गं! वाळू, वाळू आण!’’

‘‘काका, एवढासा तर होता हो,’’ मी म्हटलं.

‘‘एवढासाच कागदाला चिकटतो, बाळा. दिसत नाही. कागद बेसिनमध्ये नाही, कचऱ्यात नाही, इथे या बीकरमध्ये.’’

(दृश्य : झाकण असलेली वाळूची बादली.)

सोडियमच्या आगीवर पाणी, फेस किंवा कार्बन डायऑक्साइड चालत नाही. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर लागते. आणि वाळू खरोखर कोरडी हवी. पावसाळ्यात व्हरांड्यात उघडी ठेवलेली बादली तपासून बघा, हाताला ओल लागेल. झाकण घाला. ऑगस्ट 2024 मध्ये इथल्या विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हापासून मी हेही सांगते, की सोडियमची बाटली सिंकखाली नको आणि तळमजल्यावर तर अजिबात नको. रॉकेल कमी झालं तर वेळीच भरा.

कातडीवर कण उडाला तर आधी कोरड्या चिमट्याने काढायचा आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. डोळ्यात गेला तर थांबायचं नाही. ताबडतोब पाण्याखाली धरायचं आणि डॉक्टर गाठायचे.

शेजारच्या बाटलीतल्या जुन्या पोटॅशियमवर पिवळा थर दिसला तर त्याला सुरी लावू नका. तो सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेला धोकादायक थर असतो, कापताना स्फोट होऊ शकतो.

(दृश्य : फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात, बीकर. जवळपास कुठेही ज्योत नाही.)

काकांनी त्या दिवशी मला उरलेला सोडियम संपवायला शिकवलं. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकेक बारीक तुकडा सोडायचा. बुडबुडे येतात, बीकर गरम होतो. घाई करायची नाही. पहिला विरघळल्याशिवाय दुसरा नाही. सगळं शांत झालं की थोडं इथेनॉल घालून पुन्हा वाट बघायची. त्यानंतरच पाणी, तेही थेंबाथेंबाने. काका तासभर स्टूल ओढून तिथेच बसून राहिले, शेवटचा बुडबुडा येईपर्यंत.